मोटारीतला तिसरा तक्ता

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. वडील सभांना जात आणि परतताना त्यांच्या कोटाच्या खिशात दोन-चार घडीचे कागद असतच. स्वदेशी, दारूबंदी, कुळांचा खंड, पाणवठ्यावरची शिवाशिव, जे हाती पडेल ते. घरात पुस्तके मोजकीच होती, पण पत्रके गादीखाली, फडताळात, ट्रंकेच्या तळाशी सगळीकडे. आई दिवाळीआधी ती बाहेर काढून झटकी आणि पुन्हा होती तिथे ठेवी. त्या भाषेने माझे कान घडले. वाक्य आखूड, शेवट घणाचा. लिहिणारा बरोबर, वाचणारा चूक. खरे ते कागदावर स्वच्छ छापले की लोकांना मान खाली घालावीच लागते, असे मी धरून चाललो होतो.

विसावे संपता संपता मी स्वतः पत्रके लिहू लागलो. अलिबागेत मामांचा शिळाछापाचा छापखाना होता. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने उलटी अक्षरे लिहायची, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबून उचलायचा, असे ते काम. लग्नपत्रिका, वाडीच्या लिलावाच्या जाहिराती, शाळांचे कोरे फॉर्म यांवर तो चाले. मी मात्र मामा जेवायला गेले की मिठागरावरच्या मारहाणीचे पत्रक दगडावर उतरवीत असे. ते एकदा भलत्याच्या हाती लागले. छापखान्याला दीड महिना कुलूप पडले. उघडला तो मामांच्या सहीवर. यापुढे येथे आक्षेपार्ह काही छापले जाणार नाही, भाचा माझ्या नजरेखाली राहील आणि गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मजकुराखेरीज काही लिहिणार नाही, असे त्यांनी पोलीस कचेरीत लिहून दिले.

मामा त्यावरून मला कधी टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि घर सोडले असते. ते फक्त समोरच्या खुर्चीत बसत आणि मी काय लिहितो ते पाहत. दगडावरची अक्षरे उलटी असत, पण मामांना ती सरळ अक्षरांइतकीच वाचता येत. त्या खोलीला एक खिडकी होती आणि तिच्याकडे पाठ करून मामांची खुर्ची. माझ्या आयुष्यातली दोन वर्षे मी त्या खुर्चीसमोर काढली.

अशात मोटारवाल्या शेठजींचे काम आले. रेवस-अलिबाग आणि अलिबाग-रेवदंडा या दोन्ही रस्त्यांवर त्यांच्या सर्व्हिस मोटारी धावत. मुंबईहून लाँचने रेवसला उतरणाऱ्या लोकांच्या तक्रारी फार वाढल्या होत्या: पान खाऊन आत थुंकतात, मासळीच्या पाट्या बाकावर ठेवतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ढकलून चढतात. शेठजींना मोटारीत लावायला चार तक्ते हवे होते, प्रत्येकावर चित्र आणि खाली दोन ओळी.

"भाई, वाचता येते ते वाचतील, बाकीचे चित्र जोतील, बघतील," शेठजी म्हणाले. "पण भाषा गोड. शिकवतो आहे असे नाही वाटायला पाहिजे. विनंती करतो आहे असे वाटायला पाहिजे."

मामांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हा काढील. याचा हात चांगला आहे."

मला आधी हसू आले आणि मग राग. मी, ज्याने मिठागरावर लिहिले, तो आता 'कृपया थुंकू नये' लिहिणार. पण पहिला तक्ता करताना ध्यानात आले, की हे कागद रोज पन्नास माणसे तास-तासभर समोर बसून पाहणार आहेत. माझे एकही पत्रक कुणी तासभर पाहिले नव्हते. पत्रक लोक घेतात, घडी करतात आणि त्यात पुढे भजी बांधतात. मोटारीतल्या तक्त्यापासून सुटका नाही. माणूस कोंडलेला असतो आणि समोर अक्षर असते. हे मला फार आवडले.

त्याच आठवड्यात मास्तर आले. ते अस्पृश्यांच्या शाळेवर शिक्षक होते आणि हजेरीपटाचे फॉर्म आमच्याकडून नेत. वय तिशीचे, डावा पाय लहानपणच्या तापात वाळलेला, काखेत काठी. माझे मिठागराचे पत्रक त्यांनी वाचले होते. तेव्हापासून ते मला 'पत्रकवाले' म्हणत. ते पायरीवर बसत, मी उंबऱ्यात बसे. एकदा मी त्यांना आत स्टुलावर बसवले होते. मामांनी हरकत घेतली नाही. मास्तर गेल्यावर स्टूल मात्र विहिरीवर धुऊन आणले गेले. ते मी पाहिले आणि पुन्हा त्यांना आत या म्हणालो नाही, कारण पुन्हा ते स्टूल धुतलेले मला पाहवणार नव्हते. ही माझी तत्त्वनिष्ठा.

"काय पत्रकवाले, हल्ली काय चाललंय?"

"मोटारीत कसं बसावं ते शिकवतोय लोकांना."

"मग मलाही शिकवा. मला अजून बसायला मिळालेलं नाही."

ते हसत बोलले, पण मग सगळे सांगितले. त्यांची बदली चौलच्या शाळेवर झाली होती, घरापासून नऊ मैल. बायको दिवसांतली, म्हणून बिऱ्हाड हलवणे शक्य नव्हते. चालत जाणे त्या पायाने अशक्य. मोटारीचे तिकीट त्यांना मिळे, पण बसायला जागा मागच्या बाजूला, सामान चढवायच्या शिडीवर. एका पायावर उभे राहायचे आणि दोन्ही हातांनी शिडी धरायची. नागावच्या वळणावर ते एकदा पडले होते. पावसाळ्यात दोनदा शिडीवर जागा नाही म्हणून गाडीनेच घेतले नाही, आणि दोन्ही दिवशी शाळा उशिरा उघडली. शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी शेऱ्यात लिहिले होते, की तिसऱ्यांदा असे झाले तर दुसरा माणूस पाहावा लागेल.

"तिसऱ्यांदा म्हणजे कधीही," मास्तर म्हणाले. "तुमच्या तक्त्यात एक ओळ घाला. तिकीट ज्याचं, जागा त्याची. एवढीच. जातीचं नाव नको, पायाचं नको. एवढी लिहिली तर तिकीटवाल्याला दाखवायला माझ्याकडे काहीतरी होईल."

मी शब्द दिला. नुसती ओळच नव्हे, चित्रही तुमचेच काढतो म्हणालो. मागल्या अंगणात त्यांना फणसाखाली बसवले आणि तिसऱ्या तक्त्याचे चित्र काढले: एक माणूस बाकावरून उठतो आहे आणि काठीवाल्या माणसाला हाताने बोलावतो आहे. काठीवाला म्हणजे मास्तर, तोच बंद गळ्याचा कोट, तीच किंचित वाकडी मान. खाली लिहिले: 'अपंग व वृद्ध यांस आधी बसू द्यावे. तिकीट ज्याचे, जागा त्याची.' दुसरी ओळ मी पहिलीपेक्षा ठळक काढली.

प्रूफ पाहायला शेठजी आले. मास्तरांच्या चित्रापाशी थांबले.

"फस्क्लास. कोण आहेत हे? कोणी शास्त्री आहेत?"

"एक शिक्षक आहेत."

"मग कपाळ रिकामे कसे? गंध काढा. डोक्याला पगडी द्या. लोकांना बघून वाटले पाहिजे, की या माणसासाठी उठायला काही हरकत नाही." मग त्यांनी बोट खाली आणले. "आणि ही बीजी, ही दुसरी ओळ काढून टाका."

"का?"

"अरे भाई, उद्या कोणीपण तिकीट दाखवून बोलेल, इथे लिहिले आहे. मग माझा तिकीटवाला काय करेल? दंगा मोटारीत होईल, तुमच्या छापखान्यात नाही."

मी म्हणालो, जो पैसे देतो त्याला जागा, यात दंगा कसला. हा तर व्यापाराचा पहिला नियम. तुम्ही सभ्यपणा शिकवायला निघालात आणि ज्याला उठवायला माणसे लाजत नाहीत त्याच्यापाशीच तुमचा सभ्यपणा संपतो. मी आणखीही बोललो. चांगले बोललो असे मला तेव्हा वाटले. शेठजी रागावले नाहीत. ते मामांकडे वळले आणि मामांनी फक्त विचारले, "तू सही केलीस का त्या कागदावर?"

"कुठल्या?"

"कचेरीतल्या. मी केली. तुझी नाही. म्हणून तुला बोलता येतं."

मामींचे, मामांच्या दोन मुलींचे, माझे, सगळ्यांचे पोट त्या दोन दगडांवर होते आणि मला ते ठाऊक होते. दुपारी मी ती ओळ दगडावरून खरवडली. मग बारीक कुंचला घेतला आणि मास्तरांच्या कपाळावर माझ्या हाताने गंध काढले. पगडीही दिली. मी स्वतःशी म्हणत होतो, चेहरा तरी त्यांचाच राहिला. पन्नास माणसांसमोर हा माणूस आता रोज मानाने बसेल. त्यांना कळणार नाही, पण मला कळेल. कोंडलेला माणूस असे छोटे विजय शोधतो आणि त्यांवर जगतो. ते विजय नसतात.

मास्तरांना तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"माझा पाय बदललात तुम्ही," ते म्हणाले.

खरेच होते. दगडावर चित्र उलटे उतरते. अक्षरे मी सवयीने उलटी काढली, पण पायाचे भान राहिले नाही. कागदावरचे मास्तर उजव्या पायाने लंगडत होते.

"आणि कपाळही," ते पुढे म्हणाले. मग हसले. "बायकोला दाखवतो. म्हणावं, बघ, एका दिवसात पाय बरा झाला आणि जातही. नवसाला एवढं कुणी पावत नाही."

"ती ओळ..."

"दिसली नाही मला. म्हणजे काढलीत." त्यांनी कागद परत दिला. "राहू द्या. उद्या मला शिडी आहेच."

तक्ते लागले. लोकांना आवडले. रेवसच्या धक्क्यावर कुणी कुणाला ढकलले की लोक म्हणू लागले, मोटारीतलं चित्र बघ. थुंकणे थोडे कमी झाले असे शेठजी सांगत. पंधरा-वीस दिवसांनी दिपोटीसाहेब चौलच्या शाळांवर यायचे ठरले, सोमवारी सकाळी. मला त्याच सोमवारी रेवदंड्याच्या मोटारथांब्यावर आणखी तक्ते पोचवायचे होते. मास्तर म्हणाले, मग बरोबरच जाऊ, पडलो तर उचलायला कुणी असेल.

त्या दिवशी त्यांनी कोट धुऊन कडक केला होता आणि डोक्याला नवी टोपी होती. आम्ही थांब्यावर गेलो तर रोजचा तिकीटवाला नव्हता. रेवसच्या मोटारीवरचा तिकीटवाला त्या दिवशी इकडे आला होता. तो मास्तरांना ओळखत नव्हता. त्याने दोन तिकिटे फाडली आणि दार उघडे धरले. मास्तर सवयीने मागच्या शिडीकडे निघाले होते.

"ओ मास्तर, तिकडं कुठं? आत या," कोट-टोपी पाहून तिकीटवाला म्हणाला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मग ते आत चढले.

गाडी भरली होती. लांबट बाकावर दाराजवळ रेवदंड्याचे एक वाडीवाले गृहस्थ बसले होते, सुपारीच्या बागायतीचे मालक, स्वच्छ धोतर, मांडीवर छत्री. त्यांनी काठी पाहिली, समोर टांगलेला माझा तक्ता पाहिला आणि ते उठले.

"या, या. बसा इथं. लिहिलंच आहे समोर, आता न उठून सांगतो कुणाला?"

लोक हसले. समोरच्या कोळणीने आपली टोपली पायांत ओढून घेतली आणि मास्तरांच्या पायाला जागा केली. मास्तर बसले. त्यांनी वाळलेला पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला, काठी गुडघ्यांत धरली. गृहस्थ थोडे सरकून त्यांच्याच शेजारी टेकले. मी दारापाशी उभा होतो.

कुरूळ गेले. आक्षीचा साकव गेला. बाहेर खाडीला भरती होती, गाडीत तंबाखूचा आणि ओल्या सुक्या मासळीचा वास. मास्तर खिडकीतून बाहेर पाहत होते. दोन महिने त्यांनी हा रस्ता पाठमोरा पाहिला होता, शिडीवरून, मागे पळणारा. आज तो समोरून येत होता. त्यांचा चेहरा इतका स्वस्थ मी कधी पाहिला नव्हता.

गृहस्थ गप्पिष्ट होते. "कुठल्या शाळेवर?"

"चौल."

"अरे वा. आमचा भाचा आहे चौलास. पोरं उनाड आहेत ना?"

"पोरं सगळीकडची सारखी," मास्तर म्हणाले.

"हेही खरंच. आणि हे चित्र बघितलंत? तुमच्यासारखाच दिसतो हो हा माणूस. पगडी सोडली तर हुबेहूब."

मास्तर हसले.

मी इथे थांबायला हवे होते. मी हे आज लिहितो आहे तेव्हा माझा हात थांबतो. त्या दिवशी माझी जीभ थांबली नाही. मला त्या सुखी गाडीचा संताप येत होता. हे सगळे आपण चांगले आहोत असे समजून बसले होते. माझ्या गंधाने, माझ्या पगडीने मी त्यांना ते समजू दिले होते. खरवडलेली ती ओळ मला तीन आठवडे सलत होती, आणि समोर गाडीभर माणसे कोंडलेली होती. पत्रक लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवे असते?

"दिसणारच," मी म्हणालो. "ते चित्र मी काढलं आणि ते यांचंच आहे."

"काय सांगता."

"गंध यांना नव्हतं. ते मला काढायला लावलं, तुम्ही उठावं म्हणून. हे अस्पृश्यांच्या शाळेचे मास्तर. स्वतः महार. रोज मागच्या शिडीवर उभे राहून जातात. आज तुम्ही माणूस बघून उठलात. जात कळल्यावर त्यात काय बदललं, तेवढं सांगा."

प्रश्न मी उत्तम विचारला होता.

गृहस्थ ओरडले नाहीत. त्यांनी धोतराचा सोगा गोळा केला आणि उभे राहिले. त्यांचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा होता, आणि ते माझ्याकडे नाही, मास्तरांकडे बघत होते. "सांगायचंत तरी," ते म्हणाले. "आज घरी श्राद्ध आहे माझ्या."

मागून कुणीतरी म्हणाले, "गाडी थांबवा."

कोळीण पुटपुटली, "बसू द्या की, चौल काय कवरा लांब हाय," पण तिच्याकडे कुणी पाहिले नाही. तिकीटवाल्याने घंटेची दोरी ओढली. गाडी नागावच्या पुढे एका वाडीच्या कुंपणापाशी उभी राहिली.

"मास्तर, उतरा," तिकीटवाला खालच्या आवाजात म्हणाला. "माझं काय न्हाय. पण सगळे उतरले तर शेठ मला ठेवायचा न्हाय. राग मानू नका."

मी म्हणालो, आम्ही उतरणार नाही. तिकीट आहे. मास्तर तोवर उठले होते. काठी पडली. ती कुणी उचलली नाही; लोकांनी पाय मात्र अदबीने आत घेतले, मास्तरांना वाकायला जागा व्हावी म्हणून. मी काठी उचलून दिली आणि त्यांच्यामागे उतरलो. शिडी रिकामी होती. तिकीटवाल्याने तिच्याकडे हात केला, पण गाडी सुरू झालीच.

चौलची शाळा तिथून तीन मैल होती. मास्तर चालू लागले. काठी, उजवा पाय, मग डावा ओढत. मी बैलगाडीसाठी दोन वाड्यांत विचारून आलो. एक गाडी नारळ घेऊन उलट्या दिशेला गेली होती, दुसरीचा मालक नाही म्हणाला; मोटारीतला प्रकार त्याच्या कानावर गेला असावा. मी म्हणालो, पाठीवर घेतो तुम्हाला.

"एवढंच राहिलंय," मास्तर म्हणाले.

मैलभर गेल्यावर ते कठड्यावर टेकले. घामाने कोटाची कांजी विरघळून कॉलर मऊ पडली होती.

"मी खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले. "मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि तेव्हा कसं सांगायचं ते मला माहीत आहे. लहानपणापासून हेच शिकलोय."

"पण ते फसवून बसणं झालं असतं."

"कोणाला फसवून? मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. त्यांना काही झालं का?" त्यांनी पाय चोळला. "तुम्हाला खरं बोलायचं होतं. मला शाळेत पोचायचं होतं. तुम्ही तुमचं उरकलंत."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकली की नाही कळले नाही. ते उठून चालू लागले होते.

आम्ही पोचलो तेव्हा मुले शाळेच्या ओट्यावर बसून चिंचोके खेळत होती. दिपोटीसाहेब येऊन गेले होते. भेटीच्या वहीत शेरा होता: शाळा बंद आढळली, शिक्षक गैरहजर, खुलासा घ्यावा व दुसरी व्यवस्था पाहावी. मास्तरांनी तो दोनदा वाचला. मग मुलांना आत घेतले, पाढे म्हणायला लावले आणि त्या आवाजात टेबलापाशी बसून खुलासा लिहिला. मला वाटले होते, आता हे काहीतरी जळजळीत लिहितील. त्यांनी सात ओळी लिहिल्या. किती वाजता कुठून मोटारीत बसलो, तिकीट घेतले होते, कुठे उतरवले, तेथून किती चाललो, कधी पोचलो. एकही विशेषण नव्हते. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"साक्षीदार लागेल. नाहीतर म्हणतील, झोपला असेल."

मी टाक उचलला आणि तसाच राहिलो. माझे एकही पत्रक माझ्या नावाने निघाले नव्हते. खाली 'एक तरुण' किंवा 'सत्याचा सेवक' असे असे. इथे नाव, बापाचे नाव, राहणार अलिबाग, धंदा, कोणाच्या छापखान्यात, सगळे लिहावे लागणार होते. हा कागद दिपोटींकडून वर जाणार, वरून मोटारवाल्या शेठजींकडे विचारणा जाणार, आणि कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी म्हणणार, हा तोच ना, ज्याच्यासाठी मामाने लिहून दिले होते. मोटारीत मी भरल्या गाडीपुढे धडाडून बोललो तेव्हा मला काही मोजावे लागले नव्हते. किंमत मास्तरांनी दिली. मुले सातचा पाढा म्हणत होती आणि सात आठांपाशी दर वेळी अडखळत होती. मास्तर माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते. ते मुलांना दुरुस्त करीत होते.

मी सही केली. नाव पूर्ण लिहिले.

खुलासा मान्य झाला, ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पण मास्तरांना लिहून द्यावे लागले, की शाळेच्या गावीच राहीन. त्यांनी शाळेच्या ओट्यामागे कुडाची खोली घातली. बायको अलिबागेत बाळंत झाली तेव्हा ते चौलला होते. मुलगी त्यांनी नवव्या दिवशी पाहिली.

शेठजींकडे विचारणा गेली. ते छापखान्यात आले आणि या वेळी गोड बोलले नाहीत. पुढचे काम पेणच्या छापखान्याला गेले. कचेरीतूनही एक माणूस आला. त्याने मामांना विचारले, की सही भाच्याचीच का. मामा म्हणाले, "हो, त्याचीच. त्याचं अक्षर मला उलटंही ओळखता येतं." त्या माणसाने नवीन कागद पुढे केला: भाच्याने न कळवता तालुक्याबाहेर जाऊ नये आणि मोटारथांब्यावर किंवा मोटारीत भाषण करू नये. मामांनी त्यावरही सही केली आणि मग टाक माझ्याकडे दिला. "आता तुझीही लागेल," ते म्हणाले. पहिल्यांदाच. मी तीही केली, कारण नाही म्हणालो असतो तर कुलूप छापखान्याला पडले असते, मला नाही.

तिसरा तक्ता मोटारींत अजून आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत. त्याच्याखाली माणसे एकमेकांना जागा देतात. मी बाहेरून पाहिले आहे. मला शेठजींचे तिकीटवाले गाडीत घेत नाहीत.

त्या सहीनंतरच्या पहिल्या मोकळ्या रविवारी मी मास्तरांकडे चालत गेलो. चौल तालुक्यातच आहे, त्यामुळे कुणाला कळवावे लागले नाही. नऊ मैल. पोचलो तेव्हा टाचेला फोड आला होता आणि मनात कुठेतरी मला तो फोड बरा वाटत होता. मास्तर ओट्यावर मुलांच्या पाट्या पुसत बसले होते.

"चालत आलात?"

"मोटारीत घेत नाहीत मला. तुमच्यासारखंच झालं."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग पाटीकडे.

"तुमचे दोन्ही पाय चांगले आहेत," ते म्हणाले. "बसा. या पाट्या पुसून घ्या तोवर."

मी बसलो आणि पाट्या पुसू लागलो.